आठ आण्यांचं गाव

समग्रलक्षी हा शब्द आमच्या सासरच्या घरात माझ्याबरोबर आला. लग्नात वडिलांनी भांडी दिली, पत्र्याची ट्रंक दिली आणि ट्रंकेच्या तळाशी मी कॉलेजच्या वह्या घातल्या होत्या. भांडी झिजली, ट्रंक गंजली. शब्द मात्र सासऱ्यांनी असा काही वापरला, की आजही टीव्हीवर कुणी टाय लावलेला माणूस 'एकूण चित्र समाधानकारक आहे' म्हणाला की माझं डोकं सणकतं. नातू विचारतो, आजी, तुझं अर्थशास्त्राशी काय वाकडं आहे? काय वाकडं आहे ते सांगते.

मी नगरला मामाकडे राहून इंटरपर्यंत शिकले. आम्हाला अर्थशास्त्र शिकवणारे सर उन्हाळ्यातसुद्धा कोट घालायचे आणि फळ्यावर दोनच शब्द लिहून तासभर बोलायचे. अंशलक्षी आणि समग्रलक्षी. एक शेतकरी, एक दुकानदार, एक गिऱ्हाईक घ्यायचं आणि ते काय करतं हे बारकाईनं पाहायचं, ते अंशलक्षी विश्लेषण. सगळे शेतकरी, सगळी दुकानं, सगळ्यांची मिळकत आणि सगळ्यांचा खर्च एकत्र धरून देशाचा गाडा कसा चाललाय ते पाहायचं, ते समग्रलक्षी. सर म्हणायचे, जत्रेत एका माणसाच्या मागं फिरलात तर त्यानं काय खाल्लं ते कळेल, जत्रा कशी भरली ते कळायचं नाही. त्यासाठी टेकडीवर जाऊन उभं राहा. माझ्या शेजारी बसणारी मुलगी आगाऊ होती. तिनं विचारलं, सर, टेकडीवरून चेंगरलेलं माणूस दिसतं का? सगळा वर्ग हसला. सर हसले नाहीत. म्हणाले, नाही दिसत. त्याच्यासाठी खाली उतरावं लागतं, म्हणून तर पेपर दोन आहेत.

इंटर झाल्यावर वडिलांनी मला कर्जत तालुक्यात दिलं. मालक नगरजवळ नागापूरला नव्यानं निघालेल्या एका कारखान्यात लागले होते, तिथंच खोली करून राहायचे आणि महिन्यातून एकदा घरी यायचे. मी गावात. घरात सासू, सासरे, थोरले दीर, थोरली जाऊ, तिची तान्ही मुलगी आणि लग्नाची नणंद. सासरे म्हणजे गावातलं वजनदार माणूस. जमीन बरीच, पण बहुतेक माळ. खरं वजन होतं ते विहिरीचं. आमची विहीर आटत नसे, आणि पावसानं ओढ दिली की अर्धं गाव आमच्या विहिरीवर घागरी घेऊन यायचं. सासरे कुणाला नाही म्हणत नसत. नुसते काठावर उभे राहायचे, प्रत्येकाला दिसतील असे.

त्यांना सहीपुरतं लिहिता यायचं. पण शब्दांचा भारी शौक. संध्याकाळी ओट्यावर बसले की मला दाराआड बसवून पेपर वाचायला लावायचे आणि अवघड शब्द आला की थांबवायचे. गावात सून सासऱ्याला पेपर वाचून दाखवते म्हणून नावं ठेवणारे होते, सासऱ्यांना त्याचाही अभिमान. एकदा कुठल्याशा भाषणाच्या बातमीत तो शब्द आला.

"समग्रलक्षी म्हंजी काय गं?"

मी सरांची जत्रा सांगितली, टेकडी सांगितली. बऱ्याच दिवसांनी कुणी मला काही विचारत होतं, मी खुलून बोलले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "म्हंजी आमची आणेवारी."

आणेवारी मला नीट माहीत नव्हती. ती त्यांनी मला शिकवली, आणि मान्य करते, कॉलेजातल्या सरांइतकी चांगली शिकवली. शिवार पुरतं पिकलं तर सोळा आणे पीक. जेवढं कमी, तेवढे आणे कमी. नवे पैसे येऊन जमाना झाला होता, पण पिकाचे आणे काही गेले नव्हते. कापणीच्या सुमाराला सर्कल, म्हणजे तलाठ्याच्या वरचा साहेब, आणि तलाठी येणार, गावचे चार पंच बरोबर घेणार, शिवारातला एक तुकडा दोरीनं आखणार, तिथली कणसं खुडून, बडवून, तोलून बघणार. त्या तुकड्यावरून अख्ख्या गावाचा अंदाज. "मग एकाचं सोळा आनं असू दे न्हाईतर दुसऱ्याचं काईच नसू दे, गावाचा आकडा एकच," सासरे म्हणाले. "सहा आन्याच्या खाली गेला तर सरकार म्हनतं दुष्काळ. वर ऱ्हायला तर म्हनतं बरं चाललंय." मला त्या माणसाचं कौतुक वाटलं. एका दमात त्यांनी दोन्ही गोष्टी जोडल्या होत्या.

त्यानंतर तो शब्द घरात फिरायला लागला. भाकरी कमी पडली, कुणी कुरकुरलं, की सासरे म्हणायचे, समग्र बघा. सासूबाईंना ताप आला आणि गाडी जुंपायची म्हटलं की समग्र बघा, बैल कामावर हाईत. सगळ्यात जास्त वेळा ऐकलं ते माझ्या जाऊबाईंनी.

जाऊबाई माझ्याहून सहासात वर्षांनी मोठ्या. शाळेचं तोंड पाहिलेलं नाही, पण घर त्यांच्या हातावर चालायचं. धान्य निवडताना त्यांच्याकडे बघत बसावं. सूप हलवलं की खडे आपण होऊन एका कडेला यायचे, आणि दाताखाली कचकन लागलं असं त्यांच्या हातच्या भातात कधी झालं नाही. मला पहिल्या दिवशी म्हणाल्या, "धाकटे, तू वाच, मी निवडते. दोघींनी एकच काम कशाला करायचं?" हसल्या की तोंडावर हात ठेवायच्या. लग्नानंतर बऱ्याच वर्षांनी त्यांना मुलगी झाली होती. ती पोर म्हणजे त्यांचा जीव की प्राण. दळताना मांडीवर, निवडताना पाठीवर. एकदा त्यांनी पोरीसाठी वाटीभर दूध बाजूला काढलं तर सासरे म्हणाले, "एकीचं बघू नको, घराचं समग्र बघ." दूध परत मोठ्या भांड्यात गेलं. मी आतून तोंड उघडणार होते, जाऊबाईंनी डोळ्यानंच गप्प केलं.

मग ते बहात्तरचं साल आलं. त्याबद्दल सगळे सगळं सांगतात, मी थोडक्यात सांगते. बाजरी वीतभर झाली आणि करपली. माळावर तर पेरलेलं दिसतसुद्धा नव्हतं. फक्त आमच्या विहिरीखालचा तुकडा हिरवा होता, कारण सासऱ्यांनी त्याला मोटेचं पाणी दिलं होतं. तिथली बाजरी पुरुषभर उंच, कणीस हातात मावायचं नाही. नवरात्रापर्यंत घरातल्या कणगीचा तळ दिसायला लागला. त्या एका तुकड्याच्या बाजरीवर एवढं घर आणि गडीमाणसं वर्षभर जगणार नव्हती, हे चुलीपाशी बसणाऱ्या आम्हा सगळ्याजणींना दिसत होतं.

गावात बोलणं सुरू झालं होतं की दुष्काळी काम निघणार. आमच्याच ओढ्यावर, गावाच्या नाकासमोर, पाझर तलाव धरायचा. फक्त आणेवारी सहाच्या खाली लागायला हवी, आणि ती लागणार यात कुणाला शंका नव्हती. जाऊबाईंनी मनात ठरवूनसुद्धा टाकलं. मला म्हणाल्या, "तलाव निघाला की मी जानार बघ. दिवसा माती उचलायची, रातीला पोरीपाशी. दुपारी भाकरीच्या टायमाला तू पोरगी घिऊन ये, तिला पाजीन तिथंच." त्यांना कामाची लाज नव्हती. त्यांना एवढंच हवं होतं की काम पोरीला सोडून जायला लागेल असं नसावं. सासूबाईंनीही मान हलवली होती.

आता ऐका, आमच्या माणसांची अक्कल कशी चालते. त्याच वेळी नणंदेची सोयरीक चालू होती. श्रीगोंद्याकडचं कॅनॉलवरचं घर, ऊस, बारमाही पाणी. सासऱ्यांच्या कितीतरी पायऱ्या वरचं. त्या लोकांनी विचारपूस चालवली होती, आणि सोयरे लोक पहिल्यांदा काय विचारतात, तर गाव कसं आहे. सासऱ्यांच्या डोक्यात बसलं की गाव जर सहा आण्यांच्या खाली लागलं, दुष्काळी म्हणून कागदावर चढलं, आणि गावच्या बायाबापड्या ओढ्यात माती उचलताना दिसल्या, तर ते कॅनॉलवाले तोंड फिरवतील. शिवाय दुसरं एक होतं. दारी आलेल्या साहेबाला उघडा माळ दाखवायचा हे त्यांना जमणारंच नव्हतं. पाहुण्याला फाटकं अंथरूण देत नाहीत, तसंच.

ज्या दिवशी सर्कल येणार त्या सकाळी मी पाणी द्यायला गेले आणि बोलले. सासऱ्यांसमोर एवढं बोलायची माझी ती पहिलीच वेळ. "मामंजी, त्यांना माळावरचं रान दाखवा. विहिरीखालचं दाखवलंत तर अख्खं गाव पिकलं असं लागेल."

त्यांनी चूळ भरली. "तूच सांगितलंस न्हवं, एकेकाचं बघायचं न्हाई? समग्र बघायचं? मग गावाचं समग्र नाव चांगलं ऱ्हायला पायजे का न्हाई?"

"समग्र म्हणजे सगळ्यांचं धरून. चांगलं तेवढं धरून नाही."

"तू शिकली, पन उलटं शिकली," असं म्हणून ते हसत बाहेर गेले. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. पण तिळपापड झाला म्हणून सून काय करणार, चुलीपाशीच येणार.

सर्कल उन्हानं हैराण होऊन आला होता. त्यानं खरं तर चिठ्ठी टाकून निघेल त्या नंबरचं रान घ्यायला हवं होतं. पण आमच्याकडे त्यानं पुरणपोळी खाल्ली, वर ताक प्यायला, आणि विचारलं की जवळ कुठलं पडेल. सासरे त्याला विहिरीवर घेऊन गेले. बरोबर पंच होते. त्यातल्या प्रत्येकाचं रान जळालेलं होतं. प्रत्येकाला कळत होतं हा तुकडा आखला तर काय होईल. एकानंही तोंड उघडलं नाही, कारण प्रत्येकाच्या घरची घागर त्याच विहिरीत बुडत होती. खुंट्या ठोकल्या, दोरी ताणली, कणसं खुडली, सुपानं वारं दिलं, तोललं. सर्कल म्हणाला, वा, पाटील. बाकीच्या शिवाराचं काहीतरी धरून त्यानं आकडा थोडा खाली आणला, आणि आमचं गाव आठ आण्यांचं झालं.

आजूबाजूची सगळी गावं दुष्काळी लागली. आमच्यापेक्षा बरी पिकलेलीसुद्धा. आमच्या ओढ्यावर टोपलीभर माती हलली नाही. तलाठ्याकडे माणसं गेली तर तो म्हणे, तुमच्या पंचांच्या सह्या आहेत. पंच सासऱ्यांकडे बघायचे, सासरे समग्र बघा म्हणायचे. हळूहळू माणसं गाव सोडायला लागली. दारं लावून, गाडग्यामडक्यांसकट.

दिवाळीनंतर थोरले दीर बैल जगवायला प्रवरेच्या बाजूला, उसाच्या पट्ट्यात गेले. बैलांसाठी माणूस लागतंच. संक्रांतीला विहिरीनं तळ दाखवला. जी आटत नसे ती आटली, आणि सासऱ्यांचं काठावर उभं राहणं बंद झालं. कणगी झाडून झाली. रेशनवर लाल मिलो, ती अमेरिकेची ज्वारी, मिळायची, ती घ्यायलाही हातात काही नव्हतं. मालक नागापूरहून पाठवायचे ते सासूच्या औषधात आणि गड्यांच्या तोंडात जायचं. मग सासऱ्यांनी एका संध्याकाळी आम्हा चौघींना समोर बसवलं, आणि देशाचं बजेट मांडावं तसं मांडलं. घरातलं एक माणूस कामावर गेलं पाहिजे. सासू म्हातारी. नणंद लग्नाची, उन्हात काळी पडेल. धाकटी शिकलेली, तिच्या माहेरी कळलं तर नाक कापलं जाईल. राहिली थोरली.

जाऊबाई म्हणाल्या, "मी जाते की. शेजारच्या गावाला रस्त्याचं काम हाय. सकाळी जाईन, दिवस मावळायला येईन."

"तिथं आपले सोयरे हाईत. जामखेडच्या अंगाला खडी फोडायचं काम हाय, तिथं कोन वळखत न्हाई. गड्याची बाई चाललीय, तिच्यासंगं जा. तिथंच पालात ऱ्हायचं. गावाचं नाव कुनी इचारलं तर दुसरं सांगायचं."

"पोरगी?"

"पोरगी धुरळ्यात कशाला? धाकटी बघंल."

"अजून पिती ती, मामंजी."

"एकीचं बघू नको."

मी म्हटलं, मी जाते, जाऊबाई राहू द्या. सासऱ्यांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. त्या रात्री जाऊबाईंनी अंगावर कडुलिंबाचा पाला वाटून लावला. पोरगी तोंड लावायची, थू करायची, रडायची, पुन्हा तोंड लावायची. पहाटे ती झोपल्यावर त्या गेल्या. मला एवढंच म्हणाल्या, "तिला माझं नाव घिऊन झोपवत जा."

मी झोपवत होते. आई खडी फोडायला गेली, आई खाऊ आणणार. आणि जाऊबाई खरंच खाऊ पाठवायच्या. कामावर मजुरांना सुकडी, म्हणजे सरकारी गोड पिठाचा खाऊ, मिळायची, ती स्वतः न खाता फडक्यात बांधून येणाऱ्या-जाणाऱ्याच्या हाती द्यायच्या. पोरीला सुकडी आवडायला लागली. फडकं दिसलं की 'आई' म्हणायची. महिन्याभरात ती सुकडीलाच आई म्हणायला लागली.

शिमग्यानंतर गड्याची बायको एकटी परत आली आणि दारातच बसली. खडी फोडताना कपची उडून जाऊबाईंच्या डोळ्यात गेली होती. कधी, तर आठवड्यापूर्वी. मुकादम म्हणाला होता, आता गेलीस तर हप्त्याची हजेरी जाईल. जाऊबाईंनी डोळ्यावर पदराचा पट्टा बांधला आणि दुसऱ्या डोळ्यावर आठवडा पुरा केला. पोरीची सुकडी बंद पडेल म्हणाल्या म्हणे. आता डोळ्यातून पू येत होता आणि बाई तापानं फणफणली होती. सासूबाई आणि मी गाडी मिळवून गेलो आणि तिथून त्यांना नगरच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टर भले होते. म्हणाले, फार उशीर केलात, हा काढावा लागेल, नाहीतर दुसराही जाईल. जाऊबाईंनी मला विचारलं, "दुसरा ऱ्हाईल न्हवं?" राहील म्हटल्यावर त्यांनी कागदावर अंगठा दिला.

घरी आणल्यावर गावातली उरलीसुरली माणसं विचारपूस करायला ओट्यावर आली. मी दाराआड होते, जाऊबाई माझ्यामागं अंथरुणावर. सासरे सुपारी कातरत होते. कुणीतरी म्हणालं, लई वंगाळ झालं. सासरे म्हणाले, "घरात चार बाया. आठ डोळं. एक गेला, सात हाईत. समग्र बघा, घर चालतंय." आणि हसले. एकदोघं बरोबर हसलेसुद्धा. मी आजवर पुष्कळ दुष्टपणा पाहिलाय, रागाच्या भरातला, दारूतला, पैशापायी केलेला. हा शांतपणे, सुपारी कातरताना केलेला होता. मला वाटलं, जाऊन ती अडकित्त्यासकट सुपारी त्यांच्या घशात घालावी. मागं वळले तर जाऊबाई भिंतीकडं तोंड करून पडल्या होत्या, झोपल्यासारख्या. झोपल्या नव्हत्या.

पोरगी काही त्यांच्याकडे जाईना. आधी पट्टीला भ्यायली, मग पट्टी निघाल्यावर आतल्या खड्ड्याला. ते पोरवयाचं होतं, हळूहळू गेलं असतं. पण सासऱ्यांनी ते जाऊ दिलं नाही. पोरगी जेवत नसली की म्हणायचे, "जेव, न्हाईतर ती एकडोळी यील." पोरगी घाबरून पटापट गिळायची आणि सासरे खूश व्हायचे की नात जेवली. मी एकदा सरळ म्हटलं, "ती तिची आई आहे." ते म्हणाले, "मग? खाती तर हाय ना?" थोरले दीर बैल घेऊन परतले, बायकोकडं एकदा बघितलं आणि गोठ्यात झोपायला लागले. सासूबाई देवापुढं बसायच्या. जाऊबाई पुन्हा निवडायला बसल्या, पण आता खडे राहून जायचे. एका डोळ्यानं खोली कळत नाही, बोट खड्याच्या अलीकडं पडायचं. दाताखाली कचकन लागलं की सासरे ताटातच थुंकायचे.

त्या वर्षी पाऊस बरा झाला, आणि दसरा झाल्यावर कॅनॉलवाले सोयरे मुलगी बघायला आले. आठ आण्यांचं गाव त्यांच्या कानावर गेलं होतं. मुलाचा बाप आल्या आल्या म्हणाला, सगळीकडं बोंब होती पण तुमचं गाव म्हणे खंबीर राहिलं. सासऱ्यांची छाती एवढी झाली. सकाळीच त्यांनी जाऊबाईंना सांगून ठेवलं होतं, शुभकार्य आहे, पाहुणे जाईपर्यंत कोठीतून बाहेर यायचं नाही. आणि बाहेरून कडी लावली. घरातल्या सुनेला, बाहेरून कडी.

पाहुण्यांना नणंद पसंत पडल्यासारखी दिसत होती. मी वाढत होते, पोरगी माझ्या लुगड्याला धरून मागं मागं. मुलाची आई चौकस. तिनं विचारलं, "तुम्हाला दोन सुना ऐकलं होतं. थोरली दिसत नाही?"

"माहेरी गेलीय," सासरे म्हणाले.

"मग ही छकुली?"

सासऱ्यांनी मला भात वाढायची खूण केली. त्या बाईनं पोरीलाच जवळ घेतलं आणि लाडानं विचारलं, "आई कुठाय गं तुझी?"

कोठीचं दार तिथून हातभरावर. आत सूप हलत होतं त्याचा आवाज येत होता, तो थांबला. पोरीनं दाराकडं बघितलं नाही. माझ्याकडं बोट करून 'ही आई' म्हणाली, आणि मग दोन्ही हातांनी माझे पाय धरले. सासरे हसले, "बघा, धाकटीची हाय." मुलाची आईही हसली. माझ्या हातात भाताचं भांडं होतं. मला त्या वेळी बोलायला हवं होतं की नव्हतं, याचा विचार मी करत नाही. नणंद खाली मान घालून बसली होती. सोयरीक पक्की झाली.

पाहुण्यांची गाडी वेशीपार गेल्यावर मी कोठीची कडी काढली. जाऊबाई सुपावर वाकलेल्या होत्या. वर न बघताच म्हणाल्या, "पसंत पडली?"

"पडली."

"पोरगी तुला आई म्हनली, त्ये ऐकलं मी. बरं झालं बाई. तिनं हिकडं बोट केलं असतं तर सोयरीक मोडली असती. समग्र बघायचं असतं न्हवं?"

मी त्यांच्या आवाजात टोमणा शोधला. राग, रडू, काहीतरी शोधलं. काहीच नव्हतं. त्या मला खरंच विचारत होत्या, मी शिकलेली म्हणून. बरोबर सांगितलं का, असं. मी सूप ओढून घेतलं आणि त्यांच्यासमोर बसून निवडायला लागले, आणि त्यांचा हात मध्ये आला की सुपावर दोघींचे हात एकमेकींना लागत होते.

तेवढ्यात पोरगी पाणी प्यायला आली. पाण्याचा माठ कोठीतच, जाऊबाईंच्या मागं. ती उंबऱ्यावर आली, त्यांना बघितलं आणि दाराची चौकट धरून तिथंच थांबली. जाऊबाईंनी पदर पुढं ओढला आणि भिंतीकडं तोंड करून बसल्या. मग पोरगी आत आली, आणि त्यांच्या पाठीमागं उभी राहून पोटभर पाणी प्यायली.